पोळ्याआधी आपला बाजार, अन् बाजारात लेकरांचं एक टेबल



निंदणाचे दिवस आहेत, सगळ्यांचे हात चिखलात आहेत, हे मला माहीत आहे. तरी हा पाठ याच महिन्याच्या अंकात द्यायचं ठरवलं, कारण पोळा आता लांब नाही. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग लगेच गणपती आणि त्यामागोमाग महालक्ष्म्या. आपल्याकडे या आठ-दहा दिवसांत घरोघर काही ना काही विकत घेतलं जातं. मातीचे बैल, लाकडी नंदी, बेगड, झुली, गोंडे, फुलवाती, महालक्ष्म्यांच्या आराशीचं सामान. यातलं बरंचसं आपण वर्ध्याहून, हिंगणघाटहून, नाहीतर थेट नागपूरहून आणतो. पैसा गावातून जातो आणि ज्या हातांना हे सगळं करता येतं ते हात गावातच रिकामे राहतात.

म्हणून या वेळचा पाठ आहे ग्रामसंघाने आपल्या वस्तूंचा एक दिवसाचा बाजार कसा भरवायचा, आणि त्या बाजारात आपल्या लेकरांसाठी एक टेबल कसं ठेवायचं. दुसरा भाग वाचून काही जणी म्हणतील, "मॅडम, लेकरांचं काय काम तिथं?" त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. आधी बाजाराचं बोलू.

बैठकीत हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आपल्या गावात कोण घेते जी? साऱ्याच तर पापड करतात." प्रश्न बरोबर आहे. वीस टेबलं लावली आणि त्यातल्या चौदांवर पापड-कुरड्या असल्या, तर तो बाजार नाही, ते प्रदर्शन. बघून लोक घरी जातात. त्यामुळे सगळ्यात आधी टेबलांची यादी करा आणि ग्रामसंघाने तिच्यावर कात्री चालवा. एका प्रकारची दोन टेबलं, फार तर तीन. ज्यांना सगळ्यांनाच कुरड्या विकायच्या आहेत त्यांनी मिळून एक टेबल घ्यावं, माल एकत्र ठेवावा, वजनाप्रमाणे पैसे वाटून घ्यावेत. यावर थोडी तोंडं वाकडी होतील. होऊ द्या. बाजाराच्या दिवशी वाकडी होण्यापेक्षा बैठकीत झालेली बरी.

यादी करताना "आपल्याला काय करता येतं" इथून सुरुवात करू नका. "या आठ दिवसांत गाव काय विकत घेतं" इथून करा. मागच्या वर्षी पोळ्याला आणि महालक्ष्म्यांना तुमच्या घरात काय काय बाहेरून आणलं, ते प्रत्येकीने आठवून सांगायचं आणि सचिव ताईंनी लिहून काढायचं. अर्ध्या तासात पन्नासेक वस्तूंची यादी होते. मग त्या यादीसमोर नावं लिहा, कोणाला काय जमतं. एमएसडब्ल्यूला असताना 'बाजारपेठ सर्वेक्षण' या विषयाचे आम्ही मोठाले तक्ते काढले होते. तुमची ही यादी त्या तक्त्यांपेक्षा जास्त कामाची आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते. बियाणं, खत, फवारणी यात सगळं गेलेलं असतं, सोयाबीन निघायला दसरा उजाडतो आणि कापूस त्याच्याही पुढे. म्हणून या बाजारात दहा, वीस, पन्नास रुपयांच्या वस्तू खपतील, पाचशेची गोधडी खपणार नाही. गोधडी, दरी, मोठी बांबूची कामं जानेवारीसाठी ठेवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक बाई एकसारखं वाण डझनाने घेते, आणि तेव्हा हातात कापसाचा पैसाही असतो. वर्षातून दोनच बाजार भरवायचे असतील तर माझ्या मते एक पोळ्याआधी आणि एक संक्रांतीआधी.

जागा आणि दिवस. गावात वेगळा दिवस काढून लोकांना बोलवण्यापेक्षा आठवडी बाजाराच्या दिवशी, त्याच्या शेजारीच बसा. माणसं तिथं आधीच थैली घेऊन आलेली असतात. ग्रामपंचायतीला अर्ज द्या, त्याची पोच घ्या. भोंगा लावणार असाल तर पोलीस स्टेशनला कळवा. पाऊस धरूनच चाला, म्हणजे शाळेचा वऱ्हांडा, समाजभवन किंवा देवळाचा सभामंडप. आणि बायकांसाठी संडास किती अंतरावर आहे ते आधी बघा. हा मुद्दा कुठल्याही मार्गदर्शिकेत वरच्या बाजूला नसतो, पण सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत टेबलावर बसणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, ती याच कारणाने.

सजावटीला पेंडॉलवाल्याचं रंगीत कापड भाड्याने आणायची गरज नाही. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार नंदलाल बोस यांना गांधीजींनी तिथल्या सजावटीसाठी बोलावलं, आणि त्यांनी बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या सामानातून ते नगर उभं केलं. आपल्याकडे बुरूडकाम करणारी घरं आहेत, आंब्याची पानं आहेत, पळसाची पानं आहेत. दोन टोपल्या उपड्या ठेवल्या आणि त्यावर माल मांडला की टेबल उठून दिसतं, आणि टोपलीही विकली जाते.

वर्ध्याच्या बायकांना तर हे सगळं बाहेरून शिकायची गरजच नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं काम आपल्या वर्ध्यातल्या मगनवाडीतून चालायचं, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहायचे. तिथंच १९३८ साली मगन संग्रहालय सुरू झालं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाने ते आहे. चरखे, शेतीची अवजारं, गावातल्या कारागिरांची कामं तिथं मांडलेली आहेत. वर्ध्याला बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाने जाणं होतंच, तेव्हा एकदा लेकरांना घेऊन आत जा. वस्तू कशी मांडली की बघावीशी वाटते, हे तिथं नुसतं बघून कळतं. आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही लक्षात असू द्या. ज्या ताई वायगावची हळद विकतात त्यांनी ती साध्या पिशवीत 'हळद' म्हणून विकू नये, गावाचं नाव ठसठशीत लिहावं. नाव खरं असेल तरच, अर्थात.

खाण्याच्या वस्तू असतील तर अन्न परवान्याची नोंदणी, पाकिटावर वजन, तयार केल्याची तारीख आणि गटाचं नाव. यावर मागच्या अंकात लिहिलं होतं, पुन्हा लिहीत नाही.

आता भाव. इथं मला जरा थांबायचं आहे.

सेलू तालुक्यातल्या एका गावात बाजाराआधी आम्ही रंगीत तालीम घेतली होती. एक ताई कुरड्यांचा हिशेब सांगत होत्या. गहू इतक्याचे, मीठ, सरपण, पाकीट, झाला भाव. त्यांची सातवीतली मुलगी शेजारी बसली होती. तिच्या स्वतःच्या वहीत आम्ही 'माझा वेळ' असा एक रकाना आखून दिला होता. ती सहज म्हणाली, "माय, तुह्या मजुरीचे किती धरले?" सगळ्या हसल्या. मग हसणं बंद झालं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा, उन्हात सोऱ्याने घालायच्या, वाळेपर्यंत राखायच्या. या सगळ्याची त्या हिशेबात एक रुपयासुद्धा किंमत नव्हती. त्याच ताई दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेल्या असत्या तर रोजी घेतल्याशिवाय परतल्या नसत्या.

ताईंनो, तुमच्या भागात आज निंदणाची जी रोजी आहे तीच तुमच्या घरच्या कामाला लावा. आठ तासांनी भागा, एका तासाचे पैसे निघतील. वस्तूला किती तास लागले ते लिहा. त्यात सामान मिळवा. त्यात टेबलाचा आणि येण्याजाण्याचा वाटा मिळवा. मग जो आकडा येईल तो कधी कधी बाजारभावापेक्षा जास्त असतो. तेव्हा घाबरून मजुरी खोडू नका. वस्तू बदला, किंवा चौघी मिळून करा म्हणजे वेळ वाचेल, किंवा ठरवून कमी मजुरी घ्या. ठरवून कमी घेणं वेगळं आणि धरलीच नाही हे वेगळं.

पैसे घेण्याबद्दलही एक. हल्ली प्रत्येक टेबलावर क्यूआर कोड असतो. तो कोणाच्या खात्याचा आहे? पुष्कळदा मालकाच्या नाहीतर मुलाच्या फोनला जोडलेला असतो. दिवसभर विक्री बाईची आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात. संध्याकाळी "किती आले?" हे तिलाच विचारावं लागतं. ज्यांचं स्वतःचं खातं आणि फोन आहे त्यांनी बँक सखीकडून आपल्या खात्याचा कोड काढून घ्या. ज्यांचा नाही त्यांनी गटाच्या खात्याचा कोड लावा आणि वहीत नोंद करा. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली तर प्रभागसंघाच्या ताईंना सोबत घ्या, एकट्या भांडू नका. दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर आदल्या दिवशीच आणून ठेवा.

आता लेकरांचं टेबल

लेकरांनी धंदा शिकावा हे आपल्याला नवीन नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आनंद मेळावा भरतो, स्काऊट-गाईडवाली मुलं 'खरी कमाई' करतात. आणि वर्ध्याचं तर यात नावच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली, गांधीजी अध्यक्ष होते. मुलाने हाताने काहीतरी तयार करत करतच शिकावं, हा विचार तिथं मांडला गेला. त्याला पुढे नई तालीम म्हणू लागले आणि सेवाग्रामला त्याची शाळा उभी राहिली. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागावा, असंही गांधीजींना वाटत होतं. तेव्हाच जाणकारांमध्ये वाद झाला. अशाने शाळेचा कारखाना होईल, मुलांकडून कामच करून घेतलं जाईल, अशी भीती काहींनी बोलून दाखवली.

ती भीती मला आजही खरी वाटते. म्हणून टेबल लावायच्या आधी एक रेघ ओढून घेऊ. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली बदल झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठेही कामाला ठेवता येत नाही. घरच्यांना त्यांच्या कामात मदत करता येते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, काम धोक्याचं नसेल तर आणि शिक्षणाला धक्का लागत नसेल तर. आपल्या टेबलासाठी मी त्यात आणखी भर घालते. लेकराने स्वतः म्हटलं पाहिजे की मला करायचं आहे. तळण, गॅस, धारदार सुरी त्याच्या टेबलावर नको. दोन-अडीच तासांच्या वर बसवायचं नाही. परीक्षा असेल तर टेबल नाही. आणि घरच्या मालाचा उरलेला ढीग लेकराच्या टेबलावर सरकवायचा नाही. तो तुमचा धंदा झाला, त्याचा नाही.

वस्तू कोणती? आपल्या भागात त्याचं उत्तर तान्ह्या पोळ्यातच आहे. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला तर दुरून लोक येतात, मोठमोठे नंदी असतात. पण प्रत्येक घरच्या वीतभर नंदीलाही झूल लागते, गोंडे लागतात, गळ्यात माळ लागते. गिऱ्हाईक कोण? दुसरी लेकरंच. त्यांना काय आवडतं हे लेकरांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मातीचे बैल, जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या, फुलवाती, कढीपत्त्याची रोपं, हेही चालेल.

एक हिशेब करून दाखवते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा.

एका मुलीने वीस झुली करायच्या ठरवल्या. आई शिवणकाम करते, कातरणातले तुकडे घरात पडून आहेत. तरी त्याचे चाळीस रुपये वहीत लिहायचे, आईला द्यायचे म्हणून. फुकट काही नसतं हे इथंच कळतं. लेस पन्नास रुपयांची, लोकर तीस, सुई-दोरा दहा. एकूण १३० रुपये, म्हणजे एका झुलीला साडेसहा. वीस रुपये भाव ठेवला. पंधरा झुली खपल्या, ३०० रुपये आले. संध्याकाळी तीन झुली दहाच्या भावाने काढल्या, ३० आले. दोन उरल्या. ३३० मधून १३० गेले, टेबलाचा वाटा २० गेला, हातात १८० राहिले. एक झूल शिवायला वीस मिनिटं, वीस झुलींना ६ तास ४० मिनिटं. त्यात अडीच तास बाजारात बसणं. सव्वानऊ तासांच्या आसपास वेळ आणि १८० रुपये. तासाला वीसही पूर्ण पडत नाहीत.

हा आकडा लेकरापासून लपवू नका. मुलं त्याने खचत नाहीत, उलट पुढचे प्रश्न स्वतः विचारतात. भाव पंचवीस ठेवला असता तर? लाल झुली आधी संपल्या, मग पुढच्या वेळी लालच जास्त का करू नयेत? मैत्रिणीने गोंडे केले आणि मी शिवलं तर? गणिताच्या पुस्तकातला नफा-तोटा पाठ होतो, पण समजतो इथं.

इथं आपण मोठी माणसं एक गडबड करतो. टेबल थंड दिसलं की आई मावशीला खुणावते, मावशी पाच झुली घेते, मामा दहा घेतो. लेकरू खूश होतं आणि त्याला वाटतं माझा माल भारी आहे. तो भारी होता की मामाला दया आली, हे त्याला कधीच कळत नाही. घ्यायचीच असेल तर घरात नंदी किती आहेत तितक्याच झुली घ्या. माल उरला तर उरू द्या. उरलेल्या मालाचं काय करायचं हेही धंद्यातलंच आहे.

भांडवल आईने स्वतःजवळचं द्यावं, शंभर-दोनशे रुपये, आणि वहीत उधार म्हणून लिहावं. गटाच्या कर्जातून लेकरासाठी पैसे उचलू नका. विक्री झाली की पहिल्यांदा उधारी फेडायची, मग बाकीचं. व्याज लावावं का, यावर आमच्या एका बैठकीत चांगलीच जुंपली होती. मी म्हणाले नको. दोन ताई म्हणाल्या, "आमी भरतो ना शेकडा, तिले बी कळू द्या." त्यांचंही चूक नाही. तुम्ही ठरवा.

आणि आता खरा कठीण प्रश्न, हातात राहिलेले १८० रुपये कोणाचे? तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन फिरल्यावर मिळणारा बोजारा आपण लेकराचाच मानतो, निदान तोंडाने तरी. तो भेटीचा पैसा आहे. झुलीचा पैसा कमाईचा आहे. दोन्ही वेगळे मोजायला लावा. पण घरात तेल संपलेलं असतं, फवारणीचं औषध आणायचं असतं, आणि लेकराचे पैसे समोर दिसतात. घेणारच नाही असं कोणी म्हणू शकत नाही. घ्यायचे असतील तर मागून घ्या, वहीत लिहा आणि परत करा. न सांगता घेतले तर पुढच्या वर्षी ते लेकरू टेबल लावणार नाही, आणि लावलं तरी खरा आकडा सांगणार नाही.

मुलींच्या बाबतीत मी जरा जास्तच कान टवकारून असते. एका गावात भाऊ-बहीण दोघांनी मिळून मातीचे बैल विकले. भावाच्या पैशातून त्याला बॅट आली. मुलीच्या पैशातून घरासाठी स्टीलचे डबे आले, "तिलेच कामी येतील लग्नात" असं म्हणून. मुलगी सहावीत होती. डबे आणणाऱ्या आईवर माझा राग नाही, तिच्याही कमाईचे डबेच आले असतील. पण तुमच्या घरात दोघांच्या वह्या वेगळ्या ठेवा आणि प्रत्येकाचा खर्च ज्याचं त्याला ठरवू द्या. मुलीने सगळे पैसे केसांच्या क्लिपांवर घालवले तरी चालेल.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुला-मुलीला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने तशी मोकळीक दिली आहे. त्यावर किती रकमेपर्यंत व्यवहार करता येतो ते प्रत्येक बँक ठरवते. बँक सखीला विचारा, पोस्टातही विचारा. क्यूआर कोड मात्र लेकराच्या टेबलावर नकोच. नोटा मोजू द्या, सुटे परत देऊ द्या, एखाद वेळी पाच रुपये जास्त जाऊ द्या.

टेबलाजवळ एक मोठी बाई असावी, पण त्याची आई नसावी. आई असली की गिऱ्हाईक आईशीच बोलतं. दोन ताईंनी एकमेकींच्या लेकरांजवळ बसायचं, हा उपाय सोपा आहे.

ग्रामसंघाच्या या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने तीन गोष्टी लिहून आणायच्या आहेत: मागच्या पोळ्या-महालक्ष्म्यांना बाहेरून आणलेल्या वस्तूंची यादी, गटातून कोण काय करणार त्यांची नावं, आणि टेबल लावायची इच्छा आहे अशा लेकरांची नावं, इयत्तेसकट. लेकरांच्या वह्या आखून द्यायला मी येणार आहे. शाळा सुटल्यानंतरची वेळ ठेवा, म्हणजे त्यांनाही बसता येईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक